गेमसाठी थ्रीडी चष्मा: लोक घालतील का, आणि कधी?

एका हातात बॉलपेन धरा, दुसऱ्या हातात त्याचं टोपण. दोन्ही हात समोर लांब करा, एक डोळा मिटा आणि टोपण बाजूने आणून पेनावर बसवायचा प्रयत्न करा. बहुतेकांचं टोपण पहिल्या खेपेला पेनाच्या पुढून नाहीतर मागून निघून जातं. दोन्ही डोळे उघडे ठेवले की तेच टोपण लगेच बसतं.

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटर असतं. तेवढ्या अंतरामुळे दोन डोळ्यांना एकच पेन किंचित वेगळ्या कोनातून दिसतं, आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1838 मध्ये दोन आरसे आणि दोन सपाट चित्रं वापरून हे दाखवून दिलं. डाव्या डोळ्याला डावं चित्र, उजव्याला उजवं, की कागदावरच्या रेषा कागद सोडून पुढे-मागे उभ्या राहतात.

थ्रीडी गेमचं तत्त्वही एवढंच आहे. दोन डोळ्यांना दोन चित्रं द्यायची आणि एकाचं दुसऱ्याच्या डोळ्यात सांडू द्यायचं नाही. चष्मा लागतो तो हे सांडणं अडवायला.

आता मूळ प्रश्न. असा चष्मा घालून लोक घरी गेम खेळतील का? नाकावर काही चढवायला माणसांची सहसा हरकत नसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा मोटारसायकलवरचा माणूस डोक्याला उपरणं, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला रुमाल एवढं सगळं बांधूनच घराबाहेर पडतो. त्याला कुणी आग्रह करावा लागत नाही, कारण न बांधल्याचा त्रास लगेच कळतो. थ्रीडी चष्म्याचं गणित गेममध्ये बऱ्याचदा उलटं पडतं. मिळतं थोडं, आणि जातं ते खेळणाऱ्याला लगेच जाणवतं. कुठे काय जातं, हे नीट पाहिलं तर उत्तर आपोआप हाती येतं.

खानदेशाचा या विषयाशी एक जुना संबंध आहे. ब्रिटिश लष्करातला मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. पुढे त्याने दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने लेण्यांचे आणि इतरही जोडफोटो काढले आणि त्यातले शंभर 1864 मध्ये पुस्तकरूपात छापले गेले. 1879 मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. ते जोडफोटो लोक हातात धरायच्या स्टिरिओस्कोपमधून बघत. भिंगांची ती चौकट डोळ्यांपुढे धरायची, लेणं डोळे भरून पाहायचं आणि चौकट पुढच्या माणसाच्या हातात द्यायची. दर फोटोला मिनिटभर. गैरसोय असली तरी तेवढ्यापुरती. दोन-तीन तास सलग, हलत्या चित्रावर, हाताने खेळ चालू असताना तेच करायचं म्हटलं की प्रश्न बदलतो.

तीन तऱ्हेचे चष्मे

लाल-निळा चष्मा सगळ्यात स्वस्त. नीट सांगायचं तर लाल आणि निळसर-हिरवा. लाल काच डाव्या डोळ्यावर. पुठ्ठ्याची चौकट आणि स्टेशनरीच्या दुकानातला जिलेटिन कागद एवढ्यात तो घरी होतो, पण जिलेटिनमधून थोडा नको तो रंग गळतोच, म्हणून कडांना दुसरी सावली दिसते. रंगांची पार वाट लागते: लाल गाडी एका डोळ्याला झगझगीत आणि दुसऱ्याला काळी दिसते. तत्त्व समजायला आणि आपल्या डोळ्यांना खोली कितपत दिसते ते तपासायला हा चष्मा उत्तम, रोज खेळायला नाही.

दुसरा शटरचा चष्मा. याच्या काचांत द्रवस्फटिकाचा थर असतो आणि विजेच्या इशाऱ्यावर तो काळा-पारदर्शक होत राहतो. मॉनिटर सेकंदाला 120 चित्रं दाखवतो, एक डाव्याचं, एक उजव्याचं. पडद्यावर डावं चित्र असताना उजवी काच बंद, मग उलट. प्रत्येक डोळ्याला 8.3 मिलिसेकंदांची खिडकी मिळते आणि सेकंदाला 60 चित्रं. पुरा रंग, पुरं रेझोल्यूशन. कागदावर याच्यासारखा दुसरा चष्मा नाही.

घरात मात्र दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली उजेडाची. प्रत्येक डोळा निम्मा वेळ बंदच असतो, वर काचेचे थर थोडा प्रकाश खातात. डोळ्यापर्यंत पोचतो तो उजेड निम्म्याहून बराच कमी. दुपारी ओसरीचं दार उघडं आणि बाहेर रखरखीत ऊन, अशा खोलीत चित्र मातकट दिसतं, गेममधली अंधारी भुयारं तर दिसतच नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या विजेची. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. पण सेकंदाला 60 वेळा उघडणाऱ्या काचेतून त्याच ट्यूबकडे पाहिलं की दोन्ही ठेके जुळत नाहीत आणि भिंत सेकंदाला वीसेक वेळा लपलपायला लागते. पडदा ठीक असतो, आजूबाजूची सगळी खोली थरथरते, आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. बरेच जण याचा दोष चष्म्याला देतात, दोष असतो ट्यूब आणि चष्म्याच्या बेसूर जोडीचा. उपाय दोन. एक म्हणजे दिवा बंद करणं. दुसरा, मॉनिटर 120 ऐवजी 100 हर्ट्झवर लावणं. मग प्रत्येक काच सेकंदाला 50 वेळा उघडते, ट्यूबच्या 100 शी तिचा मेळ बसतो आणि भिंत शांत होते. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या थ्रीडी व्हिजन या शटर-चष्म्याच्या संचात 100 हर्ट्झची निवड होती. एलईडी ट्यूबमध्ये आतला ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारं सर्किट, चांगला असेल तर हा त्रास जवळपास नसतो. स्वस्त ट्यूबमध्ये असतो.

तिसरा ध्रुवीकरणाचा (पोलराइज्ड) चष्मा, मल्टिप्लेक्समध्ये देतात तो. याची प्रत्येक काच ठरावीक तऱ्हेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडते. याच्या काचा हलक्या, ना बॅटरी ना चार्जिंग. टीव्हीच्या पडद्यावर एक बारीक पट्ट्यांची फिल्म असते. एक आडवी ओळ डाव्या डोळ्यासाठी, तिच्या खालची उजव्यासाठी. म्हणून 1080 ओळींच्या टीव्हीवर प्रत्येक डोळ्याला 540 ओळीच मिळतात. गेम डाव्या-उजव्या अर्ध्यांत चित्र पाठवत असेल तर आडवं रेझोल्यूशनही निम्मं होतं. म्हणून अशा टीव्हीवर वर-खाली मांडणी निवडावी. उभ्या दिशेत निम्म्या ओळी टीव्ही तशाही टाकणारच असतो, मग आडवं तरी शाबूत राहतं.

या टीव्हीची खरी अडचण भिंतीवर असते. पट्ट्यांची फिल्म आणि आतल्या चित्राची ओळ यांत काचेची थोडी जाडी असते. समोरून सरळ पाहिलं तर ओळीवर पट्टी बरोबर बसते, खालून किंवा वरून पाहिलं की सरकते. आपल्याकडे टीव्ही बहुधा उंच लावलेला आणि माणसं खाली सतरंजीवर, म्हणजे दोन्ही डोळ्यांत दोन्ही चित्रं मिसळणार. टीव्ही डोळ्यांच्या उंचीवर आणला की तोच संच लख्ख दिसतो.

चष्मा कोणत्या ध्रुवीकरणाचा हे आरशात कळतं. तो घालून आरशापुढे उभं राहा आणि एक डोळा मिटा. उघड्या डोळ्याला स्वतःचीच काच काळी दिसली तर ध्रुवीकरण वर्तुळाकार, आणि असाच चष्मा टीव्हीला लागतो. मिटलेल्या डोळ्यावरची काच काळी दिसली तर ते रेषीय आहे. रेषीय चष्म्यात मान थोडी तिरकी झाली तरी चित्रं मिसळतात.

आणि आडवं पडून कोणताच चष्मा चालत नाही. दोन चित्रांमधला फरक आडव्या दिशेत भरलेला असतो. खाटेवर कुशीवर झालात की डोळे एकाखाली एक येतात आणि मेंदूला ती चित्रं जुळवताच येत नाहीत. रात्री जेवण झाल्यावर लोडाला टेकून, मग हळूहळू कलंडत खेळणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळतं. जाहिरातीत कधी न दिसलेली ही अडचण घरातल्या नकाराचं मोठं कारण आहे, असं आमचं मत आहे.

गेमच्या आत काय बिघडतं

सिनेमा एकदा बनवून ठेवलेला असतो. गेम मात्र दर क्षणी नव्याने रंगवला जातो, आणि दोन डोळ्यांसाठी तो दोनदा रंगवावा लागतो. ग्राफिक्स कार्डवरचा भार जवळपास दुप्पट होतो. सेकंदाला 90 फ्रेम देणारं कार्ड थ्रीडीत 45-50 वर येतं. ज्याने पोटाला चिमटा काढून 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तो हे सहन करत नाही. समोरासमोरच्या गोळीबारात त्याला खोलीपेक्षा चपळाई हवी असते.

नेमबाजीत आणखी एक पेच आहे. नेमाची फुली पडद्याच्या पातळीवर काढलेली असते आणि शत्रू पडद्याच्या आत, दूर. शत्रूवर नजर धरली की फुल्या दोन दिसतात, फुलीवर धरली की शत्रू दोन. म्हणून थ्रीडी व्हिजनमध्ये खोलीत शिरणारी वेगळी लेझर फुली दिलेली होती. हीच गत सावल्यांची आणि पाण्यातल्या प्रतिबिंबांची. वेग वाचवायला अनेक गेम ती सपाट पडद्यावरच्या हिशेबाने काढतात, त्यामुळे थ्रीडीत सावली भिंतीपासून सुटून हवेत लोंबते. हे दोष गेमागणिक निस्तरावे लागतात. हेलिक्समॉड या वेबसाइटवरच्या छंदी मंडळींनी वर्षानुवर्षं हे काम फुकट केलं, त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. पण विकत घेतलेला गेम आधी दुरुस्त करायचा आणि मग खेळायचा, एवढी चिकाटी सगळ्यांकडे नसते.

बाजाराने काय कौल दिला तेही पाहू. एनव्हिडियाचा संच 2009 मध्ये आला आणि एप्रिल 2019 मध्ये कंपनीने कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममधून (ड्रायव्हरमधून) त्याचा आधार काढला. टीव्हीवाल्यांनी 2010 पासून थ्रीडीचा धडाका लावला. 2017 पर्यंत एलजी आणि सोनीनेही नवे थ्रीडी टीव्ही बंद केले. निन्टेंडोने 2011 मध्ये थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचं बिनचष्म्याचं यंत्र आणलं. पडद्यावरच्या बारीक उभ्या फटी दोन डोळ्यांना वेगळी चित्रं दाखवत, बाजूला खोली कमी-जास्त करायची पट्टी होती. ते 7 कोटींहून जास्त खपलं. पण 2013 मध्ये त्याच कंपनीने टूडीएस काढला, गेम तेच आणि थ्रीडी वजा. तोही विकला गेला. म्हणजे चष्मा नाकाआड येत नव्हता तिथेही खोलीवाचून लोकांचं फारसं अडलं नाही. सगळं खापर चष्म्यावर फोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बघणाऱ्यांचं काय

धुळ्या-शिरपूरच्या हॉस्टेलवर किंवा घरी एक जण खेळतो आणि चार जण बघतात. कंट्रोलर हातोहात फिरतो. थ्रीडी चालू केलं की बिनचष्म्याच्या चौघांना पडद्यावर एकावर एक सरकलेली दोन चित्रं दिसतात. शटरच्या पाच चष्म्यांचा खर्च मोठा, त्यात एकाचं चार्जिंग हमखास संपलेलं. पुठ्ठ्याचे किंवा ध्रुवीकरणाचे चष्मे पाच जमवता येतात, म्हणून गोतावळ्यात खेळायचं असेल तर तोच मार्ग. सोनीच्या 24 इंची थ्रीडी मॉनिटरवर 2011 मध्ये शटरच्या तंत्राचा एक हुशार उपयोग होता: डावं-उजवं चित्र देण्याऐवजी दोन खेळाडूंना दोन वेगळी पूर्ण चित्रं. दोघं एकाच पडद्यासमोर, आणि एकाचा डाव दुसऱ्याला दिसत नाही. इथे चष्मा घालायला ठोस कारण होतं. दुर्दैवाने फार थोड्या गेमांनी ते वापरलं.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांची अडचण वेगळी. चष्म्यावर चष्मा चढवला की वजन नाकाच्या एकाच ठिकाणी येतं, उन्हाळ्यात घामाने दोन्ही घसरतात. ध्रुवीकरणाचा चष्मा असेल तर नंबरच्या चष्म्याला चिमट्याने अडकवायच्या काचा मिळतात, त्या घ्याव्यात. शटरमध्ये तसा सोपा तोडगा नाही.

काहींना खोली दिसतच नाही. तिरळेपणा असेल, किंवा लहानपणी एका डोळ्याची नजर आळशी राहिली असेल, तर मेंदू दोन चित्रं जोडत नाही. अशा माणसाला थ्रीडी म्हणजे नुसता अंधारलेला पडदा. पेन-टोपणाची परीक्षा दोन्ही डोळे उघडे ठेवूनही वारंवार चुकत असेल, तर चष्मा घेण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना थ्रीडी दाखवू नये, असं निन्टेंडोने आपल्या यंत्राबाबत सांगितलं होतं. घरी तोच नियम पाळावा.

खोली किती ठेवायची

डोकेदुखीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. पडद्यावरचं चित्र खोल दिसलं तरी उजेड पडद्यावरूनच येतो. डोळ्याचं भिंग पडद्यावर रोखलेलं आणि दोन बुबुळांची दिशा मात्र दूरच्या डोंगराकडे, अशी ओढाताण होते. रोजच्या पाहण्यात भिंग आणि बुबुळं बरोबर चालतात. त्यांची फारकत जितकी जास्त तितका थकवा.

साधा ढोबळ नियम असा की डाव्या-उजव्या चित्रांतला फरक एक अंशाच्या आत ठेवावा. 24 इंची मॉनिटरपासून 60 सेंटिमीटरवर बसलात तर एक अंश म्हणजे पडद्यावर साधारण 10 मिलिमीटर, फुल एचडीत 38 पिक्सेल. चष्मा काढा, दूरच्या खांबाच्या दोन प्रतिमांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि 10 च्या आत येईपर्यंत खोली कमी करा. अडीच मीटरवरच्या टीव्हीला हेच माप 43 मिलिमीटरपर्यंत जातं. म्हणून लांबचा टीव्ही जवळच्या मॉनिटरपेक्षा डोळ्यांना सोपा. कोणत्याही पडद्यावर हे अंतर 63 मिलिमीटरपलीकडे गेलं तर दूरचं पाहायला बुबुळं बाहेरच्या बाजूला फाकावी लागतात, आणि ते त्यांना जमत नाही. मुलांच्या बाहुल्यांतलं अंतर कमी, त्यांची हद्द आधीच संपते. पहिले चार-पाच दिवस वीस मिनिटांवर खेळू नये.

कमी खर्चात अनुभव घ्यायचा तर पीसीवर रीशेड हा मोफत प्रोग्राम टाका, गेमची exe फाइल निवडून गेम ज्यावर चालतो ती डायरेक्टएक्सची आवृत्ती द्या, सुपरडेप्थथ्रीडी हा शेडर (चित्रावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोग्राम) चालू करा आणि आउटपुटला अॅनाग्लिफ, म्हणजे लाल-निळ्या चष्म्याचं चित्र, निवडा. हा शेडर गेमच्या खोलीच्या नोंदीवरून दुसऱ्या डोळ्याचं चित्र तयार करतो, म्हणून वेग निम्मा होत नाही. मात्र वस्तूंच्या कडांशी चित्र थोडं ताणलेलं दिसतं. एकट्याने खेळायच्या गेममध्येच वापरा. ऑनलाइन गेममध्ये फसवणूक समजून खात्यावर बंदी येऊ शकते.

डोक्यावरचे पडदे आणि बिनचष्म्याचे मॉनिटर

व्हीआर हेडसेट म्हणजे गिलच्या काळातल्या चौकटीचा थेट वारस. दोन भिंगं, दोन चित्रं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट 3 हेडसेटचं वजन 515 ग्रॅम, म्हणजे साध्या चष्म्याच्या कितीतरी पट, तरीही लोक तो चढवतात. कारण मान वळवली की त्यातलं जग वळतं आणि हात पुढे केला की हात दिसतो. नुसत्या खोलीपेक्षा हे फार मोठं देणं आहे. बॅटरी मात्र दोनेक तास, आणि एप्रिल-मेमध्ये चेहऱ्यावरच्या फोमला घाम. बदलता येणारं सिलिकॉनचं आवरण लावावं. भिंगांवर ऊन कधीही पडू देऊ नये. खिडकीपाशी उताणा ठेवलेला हेडसेट उन्हाला पडद्यावर एकवटतो आणि काही मिनिटांत कायमचा डाग पाडतो.

नव्या बिनचष्म्याच्या मॉनिटरमध्ये कॅमेरा डोळ्यांचा माग ठेवतो आणि पडद्यावरची बारीक भिंगं त्या दिशेला चित्र पाठवतात. सॅमसंगने 2025 मध्ये असा 27 इंची मॉनिटर दाखवला. एकट्यासाठी छान. शेजारी बसलेल्याचं काम मात्र यातही होत नाही.

तेव्हा चष्मा टिकेल तो ठरावीक जागी, एकट्याने, सरळ बसून खेळायच्या खेळात: स्टिअरिंग-पेडलची शर्यत, विमानाचं उड्डाण. तिथे वळण किती लांब आणि धावपट्टी किती खाली हे कळण्यात खरा फायदा आहे, आणि नेमाची फुली मध्ये येत नाही. मोबाइलवर चौघांनी मिळून खेळायच्या गेममध्ये तो येणार नाही, आणि आपल्याकडे खेळणारे बहुतेक तेच खेळतात.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा ओळखीतून जुना थ्रीडी टीव्ही घेणार असाल तर पेन ड्राइव्हमध्ये एक चित्र करून न्या. 1920 बाय 1080 चा काळा कागद, त्याच्या डाव्या अर्ध्याच्या मध्यभागी जाड पांढरी फुली, उजवा अर्धा पूर्ण काळा. टीव्हीवर ते उघडा, थ्रीडी डाव्या-उजव्या मांडणीवर लावा, चष्मा घाला. उजवा डोळा मिटला की फुली ठळक दिसली पाहिजे. आता डावा मिटा. फुली पूर्ण नाहीशी झाली तर संच चांगला. फिकी राखाडी दिसत राहिली तर आधी डोळे पडद्याच्या मध्याच्या उंचीला आणून पुन्हा पाहा. तरीही दिसली, तर तो टीव्ही घेऊ नका.